सलोमीबाईचं बसणं

सगळी मंडळी उठली आणि सलोमीबाई तेवढी बसून राहिली.

व्यासपीठावरून मला सगळं दिसत होतं. डावीकडे बाया, उजवीकडे बापे, मध्ये सतरंजीची मोकळी पट्टी. बाप्यांत सगळ्यांच्या शेवटी शमशोन ओहोळ उठला. तो उठला तेव्हा माझ्या तोंडून उपासनेत शोभणार नाही एवढ्या मोठ्याने ‘हालेलूया’ निघून गेला. महिनाभर मी या माणसाच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आता त्याची आई तेवढी राहिली होती आणि ती भिंतीला पाठ लावून, पदर आवळून, दगडासारखी बसली होती.

“सलोमीबाई,” मी म्हणालो, “उठा.”

“न्हाई.”

तिच्यापासून चार हातांवर, मधल्या पट्टीत, हनोख जगधने गुडघे टेकून होता. त्याने वर पाहिलं नाही. तुरुंगातून आल्यापासून तो कोणाच्याच तोंडाकडे पाहत नसे.

चिंचखेड्याच्या आमच्या मंडळीचा एक जुना नियम होता. तो मिशनच्या साहेबांनी केला की गावच्या वडिलांनी, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण दगडी चर्चच्या भिंतीपेक्षा तो पक्का होता. एखाद्याला मंडळीबाहेर काढायचं तर सगळ्यांनी उठायचं. आत घ्यायचं तरी सगळ्यांनी उठायचं. एक जरी माणूस बसून राहिला तरी काम तिथेच थांबलं. मंडळीबाहेरच्याला प्रभुभोजन नाही, आणि मेल्यावर कबरस्तानात जागाही नाही. त्याला कुंपणापलीकडे, निवडुंगात पुरायचं.

हनोखला काढलं तेव्हा मी तिथे नव्हतो. तेव्हाची हकीकत मला दानीएल मास्तरांनी सांगितली. मास्तर आमचे मुख्य वडील, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतले पहिले. शाळेतून निवृत्त झाले तरी छडी मनातून सुटली नव्हती. त्या रविवारी प्रभुभोजन झालं होतं. हनोख आणि सलोमीबाईचा धाकटा मुलगा बर्नबा, दोघेही भाकर खाऊन, पेला पिऊन, एकमेकांना सलाम करून बाहेर पडले. तिथून थेट पाटावर गेले. पाण्याची पाळी कोणाची यावर जुंपली. बर्नबाने आईवरून शिवी दिली. हनोखच्या हातात फावडं होतं. त्याने एकदाच मारलं, पण मारलं ते कानशिलावर. बर्नबाच्या अंगात रविवारचा पांढरा सदरा होता, तो कमरेपर्यंत लाल झाला. शमशोन धावत आला तेव्हा भाऊ पाटाच्या पाण्यात तोंड घालून पडला होता आणि पाणी खालच्या उसाला लाल जात होतं.

हनोखला जन्मठेप झाली. मंडळीने त्याला काढलं. त्या दिवशी सगळे उठले, त्याची बायको रिबेकासुद्धा उठली. “तिला उठावंच लागलं,” मास्तर म्हणाले होते, “नाही तर काम थांबलं असतं.” रिबेका पुढे दोन पावसाळेही जगली नाही. कबरस्तानात चिंचेखाली तिला जागा मिळाली.

हनोख सुटून आला तो छातीचा खोकला घेऊन. थुंकीत रक्त पडत होतं. गावात शिरल्या शिरल्या पिठाच्या गिरणीपाशी शमशोनने त्याला गाठलं. मी पोचलो तोवर हनोख धुळीत आडवा होता आणि शमशोन त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. गिरणीवरची माणसं पिठाचे डबे धरून पाहत होती. हनोख हात वर करत नव्हता, ओरडत नव्हता. शमशोनने एक भला थोरला दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मी “शमशोन!” म्हणून ओरडलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि दगड बाजूला टाकून दिला.

“आज न्हाई,” तो म्हणाला, आणि घाम पुसत निघून गेला.

लोक म्हणाले, पाळकाच्या आवाजाचा वचक बघा. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगली. पाळक होण्याआधी मी तालमीत होतो. अंगाची माती धुतली गेली तरी तिचा ताठा काही गेला नव्हता.

मोडक्या बरगड्यांचा हनोख मी माझ्या घरी आणला, पडवीत त्याची खाट टाकली. तो फारसं बोलत नसे. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा म्हणे.

“पाळकसाहेब, मला आत घ्या. मी काही फार दिवसांचा न्हाई. रिबेकाच्या शेजारी टाका मला. निवडुंगात नका टाकू.”

“ते माझ्या हातात नाही रे. सगळ्यांनी उठलं पाहिजे.”

“मग त्यांना उठवा.”

पहिल्या महिन्यात मी विचारलं तेव्हा मायलेक दोघं बसून राहिले. तेव्हापासून मी शमशोनच्या मागे लागलो. तो आमचा ढोलकीवाला. गाण्याला बसला की चर्चचे पत्रे थरथरावेत असा हात. त्याच्या उसात गेलो, गोठ्यात गेलो, तो जेवत असताना उंबऱ्यावर जाऊन बसलो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी तो आपण होऊन माझ्या दारात आला.

“उठतो म्या,” तो म्हणाला.

“खरं?”

“या भोजनाला उठतो. पण त्याला भाकर त्याच दिवशी द्यायची. पुढच्या महिन्यावर ढकलायचं न्हाई.”

“त्याच दिवशी देईन, माझ्या हाताने देईन!” मी त्याला मिठी मारली. तो मिठीत लाकडासारखा उभा राहिला. इतक्या वर्षांचं वैर, लगेच थोडंच विरघळणार आहे, असं मी स्वतःला समजावलं.

राहिली सलोमीबाई. आमच्याकडे भोजनाची भाकर तिच्याच हातची. बिनखमिराची, पातळ, गव्हाची. नवरा मंडळीचा वडील होता तेव्हापासूनचा मान. भोजनाच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तर ती ओट्यावर गहू पाखडत होती.

“उद्या उठा म्हणजे झालं,” मी म्हणालो. “शमशोन उठणार आहे.”

“ठावं हाये मला.”

“मग तुम्ही?”

“माझे गुडघे दुखत्यात.”

“गुडघे दुखतात तर पाण्याला विहिरीवर कशा जाता?”

“पाळकसाहेब, तुमी मेंढरं राखता ना?” सूप तसंच हातात धरून ती म्हणाली. “मग लांडगा कुटून येतोय तेवढं बघा. माझे गुडघे नका बघू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लांडगा म्हणजे हनोख, असं मी धरलं. खाटेवर रक्त थुंकणाऱ्या माणसाला ही बाई लांडगा म्हणते आणि हिच्या हातची भाकर मी भोजनाला मोडतो! मी तिला सुनावलं. क्षमेवर जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोललो. ती पाखडत राहिली. शेवटी म्हणाली, “झालं? च्या टाकू का?”

तर असं सगळं होऊन आम्ही त्या रविवारी तिथे आलो होतो. मंडळी उभी, शमशोन उभा, आणि सलोमीबाई बसलेली.

“सलोमीबाई,” दानीएल मास्तर पुढे झाले, “तुमचा मुलगा उठला. ज्याचा भाऊ गेला तो उठला. तुम्हाला देवाची भीती नाही?”

“हाये ना. म्हणूनच बसले.”

बायांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी तिच्या दंडाला धरून उठवायला गेलं. तिने हात झटकला. मग एकीने रडत गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी धरलं. शमशोन ढोलकीपाशी गेला नाही. ढोलकी गवसणीत बांधलेली तशीच कोपऱ्यात उभी होती, आणि तो तिच्याजवळ नुसता उभा होता. गाणं संपलं. बाया रडत होत्या, बापे नाकं ओढत होते. सलोमीबाईचे डोळे मात्र कोरडे, आणि ते हनोखवर नव्हते. ती शमशोनकडे पाहत होती. तिला मुलाची लाज वाटत असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात हनोख गुडघ्यांवर सरकत तिच्याकडे गेला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आई,” तो म्हणाला. लहानपणी तो तिच्याच घरी खेळायचा, तिला आईच म्हणायचा. “आई, उठ. तू उठेस्तोवर म्या हलणार न्हाई.”

सलोमीबाईने बसल्या जागेवरून त्याचे केस धरले. आम्हाला वाटलं, आता ती त्याला उराशी धरते. तिने त्याचं डोकं वर खेचलं आणि फाडकन तोंडात मारली. मग दुसरी. मग मूठ वळून नाकावर. हनोखच्या नाकातून रक्त आलं, ते तिच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडलं.

“निघ!” ती ओरडली. “चालता हो! या चर्चात पाऊल टाकू नको! जा, गाव सोडून जा!”

“मार, आई.”

“मारीनच! निघ म्हणते ना!” तिने शेजारी ठेवलेली काठी घेतली आणि बसूनच त्याच्या पाठीत घालायला लागली. मोडलेल्या बरगड्यांवर काठी बसली की हनोख कण्हत होता, पण हलत नव्हता. शेवटी काठीचेच दोन तुकडे झाले. लहान मुलं रडायला लागली. मी व्यासपीठावरून उडी मारून खाली आलो आणि तिचा हात धरला. म्हातारीच्या मनगटात केवढं बळ होतं!

“पाळकसाहेब,” मागून शमशोनचा आवाज आला, अगदी शांत. “आई म्हातारी झाली, तिचं काय मोजता? घरचा कर्ता म्या हाये. म्या उठलो. द्या त्याला भाकर.”

“बरोबर आहे,” कोणीतरी म्हणालं.

“द्या! भाकर द्या!” चारी बाजूंनी आवाज आले.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. “नियम म्हणजे नियम. ती उठली पाहिजे.”

“नियम माणसाने केलाय, मास्तर.”

“आणि तुम्हीही माणूसच आहात, पाळकसाहेब.”

मी मेजावरून भाकरीची थाळी उचलली. मंडळी म्हणत होती द्या, आणि समोर एक माणूस रक्तबंबाळ होऊन दयेची भीक मागत होता. थाळी हातात घेऊन मी वळलो तेव्हा शमशोन खाली वाकून ढोलकीच्या गवसणीची नाडी सोडत होता. मला वाटलं, हा आता आनंदाने वाजवणार.

सलोमीबाईनेही ते पाहिलं. तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली तशी मी बाळंतिणीच्या खोलीतूनही ऐकलेली नाही. गुडघे दुखणारी ती म्हातारी एका झटक्यात उभी राहिली.

“उठली!” दानीएल मास्तर ओरडले. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार? “सलोमीबाई उठली! काम झालं!”

“उठली! उठली!” सगळी मंडळी ओरडली. कोणी टाळ्या वाजवल्या.

त्या गलक्यात शमशोन माझ्या अंगावरून पुढे गेला. जाता जाता त्याने थाळीतून भाकरीचा मोठा तुकडा उचलला. डाव्या हाताने हनोखचा जबडा धरून तो तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. आणि उजव्या हातात गवसणीतून काढलेला, ऊस तोडायचा कोयता होता.

“आता मर!” तो म्हणाला. “माझा भाऊ जसा मेला तसा भाकर खाऊन मर!”

मी थाळी टाकून त्याच्या अंगावर झेप घेतली. कोयता हनोखच्या मानेवर यायचा तो माझ्या खांद्यावर आला, आणि देवाची कृपा म्हणजे पात्याच्या बोथट पाठीकडून आला. हाड मोडल्याचा आवाज मला कानाच्या आतून ऐकू आला. तरी मी त्याच्या कमरेला मिठी घातली. तालमीतला पट काढायला गेलो, पण एक हात लुळा पडलेला, पट कसला निघतो! त्याने माझ्या तोंडावर गुडघा मारला. माझे दोन दात जिभेवर आले. आम्ही दोघं मेजावर आदळलो. पेला उलटला आणि द्राक्षरस पांढऱ्या कपड्यावरून खाली ओघळला. बाया मुलांना छातीशी धरून दाराकडे पळत होत्या. बापे, जे आताच ‘द्या द्या’ म्हणून ओरडत होते, ते भिंतीला चिकटले होते. एकटे दानीएल मास्तर छत्री उगारून शमशोनच्या डोक्यात घालत होते. त्या छत्रीने काय होणार? शमशोनने त्यांना कोपराने उडवलं, मला लाथेने दूर सारलं आणि पुन्हा हनोखकडे वळला.

हनोख जागचा हलला नव्हता. तोंडात भाकर, नाकातून रक्त, आणि त्याने मान पुढे केली होती. हो, मान पुढे केली होती, मी डोळ्यांनी पाहिली.

शमशोनने कोयता उगारला आणि खाली आणला. पण तो पोचला नाही. सलोमीबाई मध्ये आली होती. तिने पातं मुठीत धरलं.

शमशोनने कोयता ओढला असता तर तिची बोटं तुटून पडली असती. रक्त तिच्या कोपरावरून टपटपत होतं. तिने मूठ सोडली नाही.

“सोड, आई.”

“न्हाई सोडणार.”

“बर्नबासाठी करतोय म्या. त्याच्या मातीवर हात ठेवून शपथ घेतलीय.”

“ठावं हाये. त्या रातीपासून ठावं हाये मला. ‘त्याच्या तोंडात भाकर असताना मारीन,’ म्हणाला होता तू. गिरणीवर सोडला का, तर त्याच्या तोंडात भाकर नव्हती म्हणून! आठवडाभर कोयत्याला धार लावीत होता, म्या चुलीपाशी बसून ऐकत होते.” तिचा आवाज चिरकला. “कोणाला सांगू? पोलिसाला? तर तू जाशील. पाळकाला? तर पाळक पोलिसाला सांगील. मग माझ्याजवळ राहिलं काय? माझं बसणं राहिलं. म्या बसले तर त्याला भाकर मिळणार न्हाई, आणि भाकर न्हाई तर तुझा कोयता न्हाई. म्हणून बसले. सगळ्या गावाचा थुका झेलून बसले!”

 माझं तोंड रक्ताने भरलं होतं आणि खांद्यातून आगीचे लोळ निघत होते. पण त्या दुखण्यापेक्षा मोठी कळ कुठे आली ते मला नीट ठाऊक आहे. या बाईला मी आदल्या दिवशी क्षमा म्हणजे काय ते शिकवून आलो होतो.

“एक पोरगा फावड्यानं नेला,” सलोमीबाई म्हणाली. “दुसरा फासावर देऊ? आणि ह्यो? हाही माझ्याच ओट्यावर वाढलाय. त्यानं बर्नबाला मारलं, त्याचा तळतळाट म्या देवाला रोज सांगते. पण त्याचं मुंडकं माझ्या भाकरीवर पडायला नको. माझी भाकर ती! म्या मळलेली!”

शमशोनची बोटं ढिली झाली. भिंतीला चिकटलेल्या बाप्यांना आता धीर आला आणि सातआठ जण एकदम त्याच्यावर पडले. ज्यांनी गिरणीवरही आणि इथेही काही केलं नव्हतं त्यांनी आता त्याला तुडवायला सुरुवात केली. मी ओरडून, शिव्या देऊन त्यांना बाजूला केलं. हो, शिव्या दिल्या. पाळकाच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या, पण कामाला आल्या. घंटेचा दोर आणून शमशोनला उभ्यानेच खांबाला बांधलं. त्याचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. तो रडत होता. बर्नबा मेला त्या दिवशीही तो रडला नव्हता, असं म्हणतात.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, खांदा कशाने मोडला? मी म्हणालो, बैलाने ढुशी दिली. सलोमीबाईला कोणी विचारलंच नाही. उसाच्या मुलखात कोयत्याने कापलेला हात कोणाला नवलाचा नाही. पण ते नंतर. त्या वेळी आम्ही चर्चमध्येच होतो, आणि दाराकडे पळालेल्या बाया एकेक करून परत येत होत्या.

हनोखच्या तोंडातली भाकर अजून तोंडातच होती. ती गिळावी की थुंकावी हे त्याला कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

दानीएल मास्तरांनी चष्मा शोधून नाकावर बसवला. “सलोमीबाई उठल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे नियमाप्रमाणे—”

“ते उठणं मोजू नका,” सलोमीबाई म्हणाली. कोणीतरी तिच्या हाताला पदर फाडून बांधला होता, तोही भिजला होता. ती आपल्या जागेवर गेली, भिंतीला पाठ लावून बसली. “ते भीतीनं उठले. आता इचारा, पाळकसाहेब.”

मला नीट बोलता येत नव्हतं. दात गेलेले, ओठ सुजलेला. तरी विचारलं. “हनोख जगधनेला मंडळीत घ्यायचं?”

सगळे उठले. सलोमीबाईने चांगला हात जमिनीला टेकला, एक गुडघा उभा केला, मग दुसरा. आणि भिंतीचा आधार सोडून सरळ उभी राहिली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“गिळ आता,” ती हनोखला म्हणाली.

त्याने गिळली. मी त्याला बाप्यांच्या ओळीत बसवलं. सगळे खाली बसले. पेल्यात तळाशी उरलेला घोट मी त्याला पाजला.

आता प्रार्थना करून घरी जावं असं मला वाटत होतं. पण दानीएल मास्तर उभे राहिले. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यांनी खांबाकडे बोट केलं. आणि त्यांचंही चूक नव्हतं. पवित्र जागेत शस्त्र काढलं, पाळकाला मारलं, भाकरीचा असा वापर केला. याहून कमी गोष्टींसाठी माणसं बाहेर गेली होती.

“शमशोन ओहोळला मंडळीबाहेर काढण्याचा ठराव मी मांडतो,” ते म्हणाले. “पाळकसाहेब, विचारा.”

मी सलोमीबाईकडे पाहिलं. ती बसेल अशी मला आशा होती. काय वाटेल ते करून तिने बसावं. पण ती उठली. सगळ्यांच्या आधी उठली, रक्ताचा हात छातीशी धरून.

“सलोमीबाई!” मी म्हणालो.

“माझ्या पोरानं केलंय. लोकाच्या पोराला एक न्याय आणि माझ्याला दुसरा, असं कसं चालंल?” तिने हनोखकडे पाहिलं. “त्या दिवशी रिबेका उठली होती. म्या शेजारीच होते तिच्या.”

खांबाला बांधलेल्या शमशोनने मान खाली घातली. एकामागून एक मंडळी उठायला लागली. बाया उठल्या, मग बापे. ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. मास्तर बोटाने मोजत होते. मोजता मोजता त्यांचं बोट बाप्यांच्या पहिल्या ओळीत थांबलं.

हनोख बसला होता.

“हनोख,” मास्तर म्हणाले, “उठ.”

त्याने नाकाखालचं रक्त बाहीने पुसलं. खोकला आला, तो थांबेपर्यंत सगळे उभे राहून वाट पाहत होते. मग त्याने शमशोनकडे पाहिलं, सलोमीबाईकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

“पाळकसाहेब, म्या मंडळीत हाये ना आता?”

“आहेस,” मी म्हणालो.

“माझं बसणं मोजत्यात ना?”

“मोजतात.”

“मग बसतो म्या,” हनोख म्हणाला.